कुंचल्याचे फटकारे आणि एक मृत्युपत्र



ओला दगड आणि कोरडे लाकूड नुसत्या पेन्सिलीने काढायचे झाले, तर आपण काय कराल? बाह्यरेषेने आकार कळेल, पण स्पर्श कळणार नाही. तो कळायचा तर दगडाला तुटक ठिपके हवेत, लाकडाला लांब ओढ हवी, कापडाला घडीबरोबर वळणारी रेघ हवी. वस्तूचा पोत आपला फटकारा मागून घेत असतो.

पॅरिसच्या ग्युस्ताव्ह कायबोत (१८४८-१८९४) या चित्रकाराला हे मर्म उमगले होते. १८७५ साली त्याने लाकडी जमीन तासणारे तीन कामगार रंगविले. जुन्या रोगणाच्या फळ्या खिडकीच्या उजेडात चकाकतात, तासलेले पट्टे फिके व निस्तेज दिसतात आणि मधल्या कुरळ्या ढलप्या वळणदार लहान फटकाऱ्यांनी उमटतात. सालाँच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारले. १८७६ मध्ये ते इंप्रेशनिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांच्या दुसऱ्या प्रदर्शनात लागले.

कायबोत श्रीमंत होता. मोने, रनवार, पिसारो या मित्रांची चित्रे तो विकत घेई. मोनेच्या भाड्याचा भारही त्याने उचलला. या मित्रांचा फटकारा त्याच्या त्या चित्रासारखा नेटका नव्हता. तो तुटक, मोकळा, वरवर पाहता घाईचा. तरी त्याचे मोल कायबोतने ओळखले. १८७६ मध्येच, अवघ्या २८ व्या वर्षी, त्याने मृत्युपत्र केले : ही चित्रे सरकारला द्यावीत, मात्र ती माळ्यावर वा परगावच्या संग्रहालयात न धाडता आधी लक्झेंबर्ग संग्रहालयात, पुढे लूव्रमध्ये लावावीत. त्या देणगीत स्वतःचे एकही चित्र त्याने घातले नाही!

त्याच्या मृत्यूनंतर वाद माजला. रनवारने मृत्युपत्राची बाजू लढविली. साठांहून अधिक चित्रांपैकी सुमारे चाळीसच सरकारने घेतली आणि १८९७ मध्ये ती लक्झेंबर्गमध्ये लागली. आज ती पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाचे वैभव आहेत.

मंडळी, आपल्या वळणाचे अक्षर आपल्याला सुंदर वाटतेच. दुसऱ्याच्या वळणातले सौंदर्य ओळखणे हीच रसिकतेची खरी कसोटी. म्हणून अनोळखी चित्रापुढे उभे राहिल्यावर 'हे कसले रंगविणे?' असे म्हणण्याआधी 'हा फटकारा असाच का?' एवढे विचारावे. उत्तर बहुधा चित्रातच सापडते.