गर्भस्राव आणि अदृश्य सोबती



रत्नागिरीच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याच्या शेजारीं, मालगुंड नांवाचें समुद्रकांठचें गांव आहे. केशवसुतांचें जन्मस्थान म्हणून तें महाराष्ट्रास परिचित आहे. अशा गांवांतील एखाद्या घरीं सुनेला दिवस जातात, सर्वांस आनंद होतो, आणि दोन महिने पुरे होतात न होतात तोंच गर्भस्राव होतो. मग चौकशीस आरंभ होतो. हिनें पपई खाल्ली होती काय? भरलेली कळशी उचलली होती काय? एस.टी.चे हादरे सोशीत माहेरीं जाण्याची एवढी घाई काय होती? प्रश्न मायेपोटींच विचारलेले असतात. परंतु प्रत्येक प्रश्नाचें टोंक त्या बिचारीकडेच वळलेलें असतें. शहरांतील सुशिक्षित घरांतहि हीच चौकशी होते. कळशीच्या जागीं कचेरीची दगदग येते, इतकाच काय तो फरक.

या चौकशीस शास्त्राचें उत्तर काय आहे? लक्षांत आलेल्या गर्भधारणांपैकीं शेंकडा सुमारें १५ गर्भस्रावानें संपतात. आरंभींच्या महिन्यांत होणाऱ्या अशा गर्भस्रावांपैकीं सुमारें निम्म्यांत मूळ गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बीज तयार होतांना किंवा बीजांचें मीलन झाल्यावर एखादें गुणसूत्र अधिक पडतें वा उणें पडतें, आणि तसा गर्भ बहुधा वाढूं शकत नाहीं. त्याचा कळशीशीं कांहींएक संबंध नाहीं.

उरलेल्या निम्म्यांचें काय? मधुमेह, कंठग्रंथीचे विकार, गर्भाशयाच्या रचनेंतील दोष, रक्त गोठण्याचे विकार अशीं कांहीं कारणें वैद्यकास पूर्वींपासून ठाऊक आहेत. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एका गोष्टीचा विचार होऊं लागला आहे. ती म्हणजे योनिमार्गांत वस्ती करून असणारी जंतूंची सृष्टि.

जंतु म्हटला कीं रोग, अशी आपली समजूत असते. परंतु प्रत्येक गृहिणी रोज रात्रीं दुधास विरजण लावते, तेव्हां ती जंतूंनाच कामाला लावीत असते. ते जंतु दुधांतील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळें दूध नासविणाऱ्या इतर जंतूंस तेथें सहसा थारा मिळत नाहीं. १८९२ सालीं आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन वैद्यानें निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गांत याच कुळांतील जंतु असल्याचें वर्णन केलें. त्यांस आज लॅक्टोबॅसिलस म्हणतात. तेहि तेथें आम्ल निर्माण करून बाहेरच्या उपद्रवी जंतूंस अटकाव करतात. २०११ सालीं अमेरिकेंत ३९६ स्त्रियांच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांत या जंतुसृष्टीचे पांच प्रकार दिसून आले. त्यांपैकीं चारांत लॅक्टोबॅसिलसच्या निरनिराळ्या जातींचें वर्चस्व होतें, आणि पांचव्यांत अनेकविध जंतूंची सरमिसळ होती.

२०२२ सालीं इंग्लंडमधील संशोधकांनीं गर्भस्रावाच्या संदर्भांत हाच प्रश्न हातीं घेतला. ज्या गर्भस्रावांत गर्भाचीं गुणसूत्रें निर्दोष होतीं, त्या स्त्रियांत हे रक्षक जंतु कमी आणि दाहाचीं चिन्हें अधिक, असें त्यांस आढळलें. परंतु सोबत आढळणें म्हणजे कारण असणें नव्हे. रक्त हें आम्लधर्मी नसतें. त्यामुळें रक्तस्रावानेंहि ही जंतुसृष्टि बदलूं शकते. आधीं काय बिघडलें आणि मागून काय, याचा निर्णय अद्याप लागावयाचा आहे.

उपायांच्या बाबतींतहि अशीच सावधगिरी हवी. फ्रान्समध्यें गरोदरपणाच्या आरंभींच या जंतुसृष्टीचा तोल बिघडलेला आढळलेल्या २,८६९ स्त्रियांवर जंतुनाशक औषधाची पद्धतशीर परीक्षा झाली. विशेष धोका नसलेल्या या स्त्रियांत उशिराचा गर्भस्राव किंवा फार अकालीं होणारी प्रसूति त्या औषधानें कमी झाली नाहीं, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां दुकानांतून गोळ्या आणून घेणें नको, आणि विरजणाची उपमा ऐकून दह्याचे घरगुती प्रयोगहि नकोत. योनिमार्ग आंतून साबणानें वा औषधी पाण्यानें धुण्याची संवय मात्र टाकावी. तिनें रक्षकच वाहून जातात.

या विषयांत औषधाच्या तुटीइतकीच बोलण्याची तूट आहे. १९८९ सालीं डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं शेंकडा ९२ स्त्रियांस कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वीं शेंकडा अवघ्या ८ जणींचीच तशी तपासणी झाली होती. अंगावरून पांढरें जाणें हें बाईच्या नशिबींच असतें, असें समजून त्या सोशीत आल्या होत्या. रत्नागिरी जिल्ह्यांतीलच मुरुड येथें जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ सालीं देहावसान होईपर्यंत अश्लीलतेचे खटले सोशीत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, तें हीच मुग्धता मोडण्यासाठीं.

मालगुंडांत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे; शहरांत तर दवाखाने हाकेवर असतात. दुर्गंधियुक्त स्राव, खाज वा जळजळ असेल तर गर्भधारणेपूर्वींच तपासून घ्यावें. गरोदरपणीं रक्त दिसलें, ताप आला वा पोटांत तीव्र वेदना झाल्या, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. गर्भस्राव पुन्हां झाला तर पति-पत्नी दोघांनींहि तपासणीस जावें; ती एकटीनें द्यावयाची परीक्षा नव्हे.

आणि त्या दिवशीं घरांतील वडील स्त्रीनें सुनेस काय विचारावें? पपईविषयीं नव्हे. रक्त फार जातें आहे का, ताप आहे का, थोडें जेवशील का, एवढेंच विचारावें. आणि 'यांत तुझा दोष नाहीं' हें न विचारतां सांगावें. जंतूंविषयींचें ज्ञान अजून अपुरें आहे. परंतु हें वाक्य उच्चारण्यापुरतें तें आजच पुरेसें आहे.