भाईंदरचं मीठ, भाईंदरचं पातेलं



मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांना विरारची गर्दीची लोकल आठवते, फार तर उत्तनचा किनारा. कापड रंगवण्याशी आपल्या गावाचा संबंध कुणी जोडत नाही. पण हौसेनं घरी कापड रंगवायला बसलेल्या माणसाला मीठ लागतं आणि स्टीलचं पातेलं लागतं. खाडीकाठची मिठागरं आपली, आणि भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत घडणारी स्टीलची भांडीही आपलीच.

आधी मिठाचं बघू. सुती कापड पाण्यात भिजलं की धाग्यावर किंचित ऋण भार येतो. 1956 साली बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग आज सुती कापडासाठी सर्रास वापरतात. त्यांच्यावरही ऋणच भार. दोघं एकमेकांना लांब ठेवतात. पाण्यात मीठ पडलं की हा दुरावा कमी होतो, रंग धाग्याला येऊन भिडतो. मग धुण्याचा सोडा घातला की पक्का बसतो. नवी साडी मिठाच्या पाण्यात भिजवायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे, पण त्यानं कच्चा रंग काही पक्का होत नाही. मिठाचं काम रंगवताना असतं, नंतर नाही.

आता पातेलं. डाळिंबाची साल लोखंडी कढईत उकळली, तर पिवळ्याऐवजी काळपट रंग हाती येतो, कारण सालीतलं टॅनिन लोखंडाला धरतं. तांब्याच्या भांड्यातही छटा बदलते. मुरलेला रंगारी याचा मुद्दाम उपयोग करतो. शिकाऊ माणसानं मात्र स्टील घ्यावं. ते मध्ये तोंड घालत नाही, आणि रंग बिघडला तर कशानं बिघडला हे निदान कळतं.

सुरुवात कशानं करायची? बहुतेक जण हळदीनं करतात. माझं मत विचाराल तर करू नये. हळद पहिल्या दिवशी झकास दिसते, उन्हात उडते आणि साबण लागला की लालसर डाग पडतात. त्यापेक्षा कांद्याची वाळकी साल घ्या. भाजीवाला ती फुकट देईल, वर तुमच्याकडे संशयानं बघेल. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवा, नंतर तुरटीच्या. मग सालीच्या गाळलेल्या काढ्यात मंद आचेवर तासभर ठेवा. छान सोनेरी पिवळा येतो. त्यातलाच एक तुकडा चिमूटभर हिराकस घातलेल्या पाण्यात बुडवा, तो बघता बघता शेवाळी होईल. एकाच सालीतून दोन रंग निघाले की पुढे कुणी आग्रह करावा लागत नाही.

भाईंदर पश्चिमेला गुजराती-मारवाडी शेजार मोठा. तिथल्या एखाद्या आजीबाईंकडून बांधणी समजून घ्यावी. तिच्यात रंग फिकटाकडून गडदाकडे चढतो. पांढरे ठेवायचे ठिपके दोऱ्यानं बांधून कापड पिवळ्यात बुडवायचं. मग पिवळे ठेवायचे ते बांधायचे, लालात बुडवायचं. पुन्हा बांधायचं, काळ्यात बुडवायचं. म्हणजे सगळा विचार उलटा: कुठे रंग लागू द्यायचा नाही, ते आधी ठरवायचं. मला यातली ही शिस्त फार आवडते.

आपल्या मराठी घरातल्या गोधडीत तर रंगवणं नाहीच. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे सदरे, जे असेल ते. तिथे सगळी करामत शेजाराची: कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला लावायचा. याच शेजाराची एक गोष्ट ऐका. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात गालिच्यांसारखे भिंतीवरचे पडदे विणत. तिथल्या रंगखात्याचा प्रमुख शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ. काळा रंग फिका पडतो अशी विणकरांची तक्रार आली. त्यानं तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. यावर त्यानं 1839 साली जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्या आज्या पटकुरं जमिनीवर मांडून, दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून हेच तपासत. ग्रंथ तेवढा लिहिला नाही.

तेव्हा कांद्याच्या सालीत रंगवलेले ते पिवळे आणि शेवाळी तुकडे फेकू नका. एकदा जांभळ्याशेजारी ठेवा, एकदा तांबड्याशेजारी, आणि पिवळा कुठे उजळतो ते पाहून मगच धावदोरा घाला. आणि हो, रंगाचं पातेलं वेगळं ठेवा. त्यात पुन्हा वरण शिजवायचं नाही, कितीही घासलं तरी.