पडद्यावरचे न्यायासन

(वकील व कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



जुलै १९९१ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन ब्रिल यांनी ‘कोर्ट टीव्ही’ ही केबल वाहिनी सुरू केली. न्यायालयात प्रत्यक्ष काय घडते ते सामान्य नागरिकाला पाहता यावे, हा हेतू निंद्य नव्हता. न्यायदान उघड्या दारांनी व्हावे, हे तत्त्व भारतानेही मानले आहे. परंतु साक्षीपुराव्याचे काम संथ आणि रुक्ष असते. मधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठी स्टुडिओत वकील बसू लागले आणि पाहता पाहता खटला मागे पडून भाष्यकारच मुख्य पात्र झाला.

ओ. जे. सिम्पसन यांच्यावरील खुनाच्या खटल्याने या धंद्याला बरकत आणली. न्यायाधीश लान्स इटो यांनी कॅमेऱ्याला प्रवेश दिला. १९९५ मध्येच सीएनएनवर ग्रेटा व्हॅन सस्टरन आणि रॉजर कॉसॅक या दोन विधिज्ञांचा ‘बर्डन ऑफ प्रूफ’, म्हणजे ‘पुराव्याची जबाबदारी’, हा कार्यक्रम सुरू झाला. निदान नावात तरी कायद्याचे मूलतत्त्व होते! ज्यूरीला वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीपासून दूर ठेवण्यात आले होते. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी तिने सिम्पसन यांना निर्दोष ठरविले. देशाने मात्र घरोघरी आपापला निकाल केव्हाच देऊन टाकला होता.

कायदा समजावून सांगणे वेगळे आणि आरोपीवर अभियोग चालविणे वेगळे. ही सीमारेषा पुसली गेल्याचे ठळक उदाहरण म्हणजे नॅन्सी ग्रेस. त्या अटलांटा येथे सरकारी वकील होत्या. १९७९ मध्ये त्यांच्या नियोजित वराची हत्या झाली आणि त्या दुःखातूनच त्या कायद्याकडे वळल्या. त्या दुःखाविषयी सहानुभूतीच असली पाहिजे. तथापि २००५ ते २०१६ या काळात स्वतःच्या नावाच्या कार्यक्रमात त्यांनी सरकारी वकिलाचा झगा कधी उतरविलाच नाही. न्यायालयात सरकारी वकिलाच्या प्रत्येक वाक्याला प्रतिपक्ष हरकत घेऊ शकतो, न्यायाधीश आवरू शकतात. १९९७ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक शिक्षा रद्द करताना ग्रेस यांच्या अभियोक्ता म्हणून केलेल्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले होते. स्टुडिओत असे ताशेरे ओढणारे कोण?

२००६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. ग्रेस यांच्या कार्यक्रमाचा कल पहिल्यापासून अभियोगाच्या बाजूने होता. एप्रिल २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे महाधिवक्ता रॉय कूपर यांनी ते तिघेही निरपराध असल्याचे जाहीर केले. सरकारी वकील माइक निफाँग यांची सनद गेली. वाहिनीवरील भाष्यकारांना कसलीच सनद गमवावी लागली नाही.

भारतात ज्यूरी नाही, म्हणून येथे हा धोका नाही, असे काही विधिज्ञ म्हणतात. हे अर्धसत्य आहे. साक्षीदार दूरचित्रवाणी पाहतो, तपास अधिकारीही पाहतो. विधी आयोगाने २००६ मधील आपल्या दोनशेव्या अहवालात याच विषयाचा ऊहापोह केला आहे.

२००८ च्या मालेगाव स्फोटानंतर ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द वाहिन्यांनी घरोघरी पोहोचविला. आरोपपत्र सिद्ध होण्याची वाट कोणी पाहिली? लेफ्टनंट कर्नल पुरोहित सुमारे नऊ वर्षे कारागृहात राहिले. ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

कार्यकर्त्यांच्या मनात याविषयी संताप असणे स्वाभाविक आहे. पण आरोपी आपला नसतो तेव्हा तोच आरडाओरडा कानाला गोड लागतो, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०२० मध्ये अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर एका तरुण अभिनेत्रीवर रोज रात्री वाहिन्यांवर खटला चालत असे आणि सुसंस्कृत मराठी घरांतही जेवणाच्या ताटावर तो चवीने पाहिला जात असे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा वार्तांकनाबद्दल माध्यमांना खडसावून मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. तोवर प्रेक्षक दुसऱ्या आरोपीकडे वळले होते.