मुलांचा लकवा आणि मानेतली धमनी

लकवा म्हातारपणीच येतो, हा समज आता सोडायला हवा. कबड्डीत मान जोरात हिसकली, झाडावरून पडलं, किंवा तोंडात काडी धरून धावताना आपटलं, तर मुलाच्या मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. त्या फटीत रक्त शिरतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाते. कधी लगेच, कधी काही दिवसांनी. तोवर घरचे पडल्याची गोष्ट विसरलेले असतात! काही मुलांना तर मार लागलेलाच नसतो.

मान किंवा डोकं एका बाजूला दुखणं, एक पापणी खाली येणं, तोल जाणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचे हातपाय लुळे पडणं, ही लक्षणं.

खरी मेख निदानात आहे. सुरुवातीच्या तासांत सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. एमआरआय लागतो, पण नुसता मेंदूचा काढून भागत नाही. मानेच्या रक्तवाहिन्याही पाहाव्या लागतात. धमनीच्या भिंतीत साकळलेलं रक्त तिथे चंद्रकोरीसारखं दिसतं. शंका उरलीच तर कॅथेटर घालून अँजिओग्राफी. आपल्या विदर्भात सिकलसेलची तपासणीही हवीच, त्यानेही मुलांना लकवा होतो.

अशी लक्षणं दिसली तर जायला वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय आहे. मान चोळत, मालीश करत बसू नका. आर्वी-कारंजाहून निघायचं असेल तर 108ला फोन लावा, आणि मूल अलीकडे कुठे पडलं होतं का, ते डॉक्टरांना आपणहून सांगा.