18 इंची चाकं आणि घरी राहिलेले पाच बोल्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

जुनी मर्सिडीज घेतलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एक प्रश्न विचारतो, "हिला 18 इंची अलॉय बसतील का रे?" एका शब्दात उत्तर द्यायचं तर, बसतात. माझ्या गाडीला बसली होती, सात महिने होती. आजचा भाग त्या सात महिन्यांचा आहे, आणि खरं सांगू का, थोडा लाजिरवाणा आहे.

गाडी कोणती ते आधी सांगतो. डब्ल्यू 124, म्हणजे मर्सिडीजनं 1995 पासून पुण्यात जोडणी करून विकायला सुरुवात केली ती ई-क्लास. माझी ई 220, 1996 ची. तेव्हा चाकणचा कारखाना नव्हता, टेल्कोच्या आवारात काम चालायचं. म्हणजे गाडी पुणेकर आणि वयानं माझ्याहून थोडी मोठी. मी तिला ताई म्हणत नाही, पण तसाच दरारा आहे.

या गाडीला मुळात 15 इंची लोखंडी रिम, साडेसहा इंच रुंद, आणि 195/65 आर 15 टायर. आजच्या डोळ्यांना ही चाकं अगदी बारीक दिसतात. एवढं भारदस्त धूड आणि खाली चाकं अशी, की पैलवानानं लहान मुलाच्या चपला घातल्यात. हे मला खटकायचं आणि अजूनही थोडं खटकतं, उगाच साधूचा आव आणत नाही.

तर मी इंजिनियर माणूस, आधी एक्सेल शीट केली. 195/65 म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, त्याच्या 65 टक्के. चाकाचा पूर्ण व्यास येतो 634.5 मिलिमीटर. 225/40 आर 18 चा येतो 637.2. फरक अर्धा टक्कासुद्धा नाही. स्पीडोमीटर बरोबर, गिअरिंग बरोबर. मी खूश. बोल्टचं वर्तुळ 5 बाय 112, तेही जुळलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, प्लग अँड प्ले आहे." सॉफ्टवेअरमध्ये हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. तिथे नाही झालो.

आता त्या शीटमध्ये काय नव्हतं ते बघा.

व्यास तोच राहिला, पण रिम तीन इंचांनी वाढली. ती जागा आली कुठून? टायरच्या भिंतीतून. ती 127 मिलिमीटर होती, ती झाली 90. ही गाडी गादीसारखी चालते म्हणतात ना, त्यात स्प्रिंग आणि शॉकअॅब्झॉर्बरइतकाच त्या हवेच्या भिंतीचा वाटा आहे. मागचं पाच दांड्यांचं सस्पेन्शन कितीही हुशार असलं, तरी खड्ड्याची कड आधी टायर झेलतो. शिवाय वजन. बाथरूममधला काटा पार्किंगमध्ये आणून मी दोन्ही चाकं मोजली. जुनं टायरसकट 17 किलो आणि काही ग्रॅम, नवं 22 च्या वर. प्रत्येक चाकामागे पाच किलो, आणि तेही स्प्रिंगच्या खालच्या बाजूला, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात तेवढं जास्त वजन उडणार आणि तेवढं आपटणार.

टायरच्या बाजूवर एक आकडा असतो, तो कुणी बघत नाही. जुन्या टायरवर 91 होता, म्हणजे एका टायरला 615 किलो भार. मला दिलेल्या 225/40 वर होता 88, म्हणजे 560 किलो. याच मापात 92 चा जादा भाराचा टायर मिळतो, तो 630 किलो घेतो. दुकानदारानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिसायला मोठा टायर आणि ताकदीला कमी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग ऑफसेट. रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारा भाग किती बाहेरच्या अंगाला आहे, तो आकडा. मूळ रिम साडेसहा इंची, ऑफसेट 49. माझी नवी रिम आठ इंची, ऑफसेट 35. कागदावर मांडलं तर चाकाची आतली कड 5 मिलिमीटर आत जाते आणि बाहेरची तब्बल 33 मिलिमीटर बाहेर येते. सव्वा इंचाच्या वर! मर्सिडीजनं स्वतः याच पिढीतल्या 500 ई ला आठ इंची, 34 ऑफसेटची रिम दिली होती, पण तीही 16 इंची, आणि त्यासाठी मडगार्ड रुंद केले होते. त्या गाड्यांची जोडणी पोर्शच्या कारखान्यात व्हायची. कारखान्यानं पत्रा बदलून जे बसवलं, ते मी दुकानात तासाभरात बसवत होतो.

मागे तिघं बसले की टायर मडगार्डच्या कडेला घासायचा. उपाय म्हणे, मडगार्डची आतली कड गरम करून वर दाबायची. पुढचे मडगार्ड बोल्टवर आहेत, बिघडले तर बदलता येतात. मागचे बॉडीला वेल्ड केलेले आहेत. तिथला जुना रंग तडकला की आत गंज, आणि पाठोपाठ पत्राकाम. मी मागची उजवी कड दाबून घेतली. पावसाळ्यानंतर तिथे तपकिरी रेघ आली. ती अजून आहे.

स्टिअरिंगचंही थोडक्यात सांगतो. या गाडीला जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स आहे, त्यामागे सांधे आणि बुश. अरुंद टायरवर त्यांची झीज झाकली जायची. रुंद टायर ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत शिरला की गाडी आपल्या मर्जीनं डावी-उजवीकडे जाऊ लागली. त्यावर एक वेगळा भाग करू.

आता मुख्य गोष्ट. बोल्ट.

मर्सिडीजच्या मूळ बोल्टच्या डोक्याखालचा भाग गोल असतो, चेंडूच्या तुकड्यासारखा, आणि रिममधली खाचही तशीच गोल. बाजारातल्या बऱ्याच अलॉयची खाच शंकूसारखी तिरकी असते. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत टाकला तर तो नुसत्या एका बारीक रेषेवर टेकतो. आवळला असं वाटतं, पण हळूहळू सैल होतो. दुकानदारानं निदान हे तरी नीट केलं, नव्या रिमबरोबर शंकूचे लांब बोल्ट दिले. जुने वीस बोल्ट एका पिशवीत घालून माझ्या हातात ठेवले. मी ती पिशवी घरी माळ्यावर टाकली.

डिसेंबर. मामेबहिणीचा साखरपुडा, कोल्हापूरला. आई, बाबा, मावशी मागे, मी आणि धाकटी बहीण पुढे. खंबाटकी घाट चढलो, उतरलो, आणि सुरूरच्या अलीकडे एका पुलाच्या जोडावर मागचं डावं चाक आपटलं. आवाज असा, की बाबा म्हणाले, "काहीतरी तुटलं." टायरची भिंत रिम आणि जोडाच्या मध्ये चिमटली आणि फाटली, रिमची कड वाकली. वेग साठच्या आसपास होता, गाडी सरळ थांबली. त्याचं श्रेय गाडीला.

डिकीत स्टेपनी होती, मूळची 15 इंची लोखंडी, हवाही भरलेली. जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली. बोल्ट घालायला गेलो तर बसेना. लोखंडी रिमच्या गोल खाचेत शंकूचा बोल्ट नुसता डुगडुगतोय. आणि लांबी! जाड अलॉयसाठी केलेला बोल्ट पातळ लोखंडी रिममधून पार आत जातो. मागच्या डिस्कच्या पोटात पार्किंग ब्रेकचे शू असतात, त्यांनाच तो जाऊन भिडतो. तरी मी एक बोल्ट आवळून पाहिला. चाक हातानं फिरवलं तर अडकलं.

आई म्हणाली, "अरे, चाक आहे, पाना आहे, मग अडलंय कुठे?" तिला काय सांगणार? अडलंय घरच्या माळ्यावर.

भाऊ पुण्यात घरी होता. त्याला फोन केला. त्यानं पिशवी शोधली आणि बाइकवर निघाला. तीन तास. आई आणि मावशी रेशमी साड्यांमध्ये हायवेच्या एका हॉटेलात तीन तास बसून होत्या, दर अर्ध्या तासाला चहा. बाबा माझ्याजवळ गाडीपाशी थांबले. एक शब्द बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं. मामाचा फोन येत राहिला. शेवटी मामा म्हणाले, "मुहूर्त चाललाय, आम्ही सुरू करतो." आम्ही पोहोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. मावशीनं ओवाळायचं ठरलं होतं, ते दुसऱ्या कुणीतरी ओवाळलं. बहिणीनं हसून विषय बदलला. मावशी अजून माझ्या गाडीत बसत नाही.

पुढे काय केलं? आठवडाभर 15 इंचीवर आलो. बाबा म्हणाले, "आता ही गाडी वाटते." तरी हौस जाईना. मग हिच्या पुढच्या पिढीच्या, डब्ल्यू 210 च्या कंपनीच्या जुन्या 16 इंची रिम शोधल्या. साडेसात इंची, ऑफसेट 41. तीही पुण्यात बनलेली गाडी, त्यामुळे रिम सापडतात. हबचं भोक तेच 66.6, त्यामुळे मधे प्लास्टिकची रिंग घालावी लागत नाही. बोल्टची खाच गोल. बाहेरची कड 33 ऐवजी 21 मिलिमीटर येते, आणि 205 चा टायर घेतला की माझ्या गाडीत तरी घासत नाही. 205/55 आर 16, भाराचा आकडा पुन्हा 91. मूळच्यापेक्षा किंचित कडक आहे, हे मान्य. पण रात्री खड्डा दिसला की पोटात गोळा येत नाही.

17 इंच? रस्ते बरे असतील आणि रिम नीट निवडली तर जमतं. 18 मी माझ्या गाडीला परत लावणार नाही. प्रदर्शनासाठी गाडी ठेवली असेल तर तुमचा मामला.

त्या अलॉयपैकी तीन धड आहेत, एक वाकडी. विकायला काढल्यात. दोघं बघून गेले, दोघांनी आधी रंग विचारला. मी दोघांनाही बोल्टच्या खाचेपासून सगळी कहाणी सांगितली. दोघंही परत आले नाहीत.

आणि हो, नव्या 16 इंचीला लांब गोल बोल्ट लागतात, पण स्टेपनी अजून लोखंडीच आहे. तिचे पाच आखूड बोल्ट आता डिकीत, जॅकशेजारी, आईनं शिवलेल्या कापडी पिशवीत असतात. पिशवीवर तिनं पेनानं लिहिलंय, "कोल्हापूर".

चला, भेटू पुढच्या भागात, स्टिअरिंग बॉक्सबद्दल.