ट्रक विजेवर चालेल; चालकाचे काय?

(कुही येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



विजेवरचा ट्रक येणार की नाही, हा वाद आता संपला आहे. तो कोणाच्या मालकीचा असणार, हा खरा प्रश्न आहे. देशातील वाहनांत डिझेल ट्रक अवघे ३ टक्के. परंतु वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के, असे केंद्र सरकारच सांगते. तेव्हा बदल हवाच.

परंतु २०२५ च्या जुलैत केंद्राने विजेच्या ट्रकला कमाल ९ लाख ६० हजारांचे अनुदान जाहीर केले, ते सुमारे ५,६०० ट्रकांपुरते. उरलेली किंमत एका ट्रकवर संसार चालविणाऱ्या मालक-चालकाने कोठून आणावी? राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर पथकरमाफी देऊ केली, ती विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना, मालट्रक वगळले!

आणि वीज कोठून येते? शेजारी उमरेडला कोळसा खणला जातो, कोराडी-खापरखेड्याला कोळसा जळतो. महामार्गावरचा धूर तेथील गावांवर जाऊन बसला, तर ती प्रगती नव्हे. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गावे देणाऱ्या कुहीला विकासाची किंमत कोण मोजतो, हे शिकवावे लागत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत: मालक-चालकांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज, मालट्रकला पथकरमाफी, बाजार समितीच्या आवारात सौर विजेचे सार्वजनिक चार्जिंग केंद्र आणि डिझेल मिस्त्रींना सरकारी खर्चाने नवे शिक्षण. या मागण्या घेऊन मांढळच्या बाजारात जा, ट्रकवाल्यांशी बोला, त्यांना संघटित करा. यंत्र बदलते आहे. मालकीचे नाते आपोआप बदलणार नाही.