ओसाड मुलखातले दोघे

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सुट्टीत काय वाचायला द्यावं, असं कुणी विचारलं की मी फार्ली मोवॅट या कॅनेडियन लेखकाच्या ‘लॉस्ट इन द बॅरन्स’ या कादंबरीचं नाव घेते. 1956 साली ती आली आणि त्या वर्षीचं गव्हर्नर जनरल पारितोषिक तिला मिळालं.

आईवडिलांविना वाढलेला जेमी टोरांटोची शाळा सोडून उत्तरेच्या जंगलात काकाकडे राहायला येतो. शेजारी क्री आदिवासींची वस्ती. तिथल्या प्रमुखाचा मुलगा अवासिन त्याचा जिवलग मित्र होतो. एकदा ही दोघं चिपेवायन शिकाऱ्यांबरोबर आणखी उत्तरेला जातात. तिथे झाडं संपतात आणि नजर पोचेल तिथवर ओसाड माळ. एक जुनं दगडी घर बघायचंच, असा ध्यास जेमी घेतो. वाटेत नदीच्या खळाळात होडी फुटते, जेमीचा पाय जायबंदी होतो, शिकारी परत निघून जातात. आणि हिवाळा तोंडावर.

कादंबरीचा जीव यापुढच्या पानांत आहे. चूक कुणाची, याचा काथ्याकूट न करता मुलं कामाला लागतात. कॅरिबू ही तिकडची रानहरणं. त्यांचे कळप दक्षिणेकडे निघून जायच्या आत शिकार साधायची, मांसाच्या पट्ट्या वाळवायच्या, कातडी कमवायची. कॅरिबूचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा कोंडून राहते. त्या थंडीला हेच कातडं पुरं पडतं. पाठीकडच्या कंडरांचे तंतू काढून त्यांचा दोरा करायचा आणि कपडे दुहेरी शिवायचे, आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. मोवॅट स्वतः त्या मुलखात राहून आले होते, ते अशा ठिकाणी जाणवतं. नुसत्या कोरड्या मांसावर माणूस खंगतो, पोटात चरबी जावीच लागते, हेही मुलं दुखणं काढूनच शिकतात. जेमीला उत्तरेशी झुंजायचं असतं. तिच्या कलानं घ्यायचं, हे अवासिनला घरूनच ठाऊक.

शिकारीची वर्णनं रक्ताळलेली आहेत. पालकांनी त्याला बिचकू नये. इथे मौजेखातर जीव घेतलेला नाही.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते भीतीचं चित्रण. थंडीची भीती आहेच, पण त्याहून खोल धास्ती आहे ती इन्युइटांची, तेव्हाच्या भाषेत एस्किमोंची. पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आणि ऐकीव गोष्टी. त्यांची चाहूल लागली की मुलं धास्तावतात. अखेर भेटतो तो पीट्युक, त्यांच्याच बरोबरीचा इन्युइट मुलगा, आणि त्याचीच माणसं त्यांना घरी पोचायला मदत करतात. ज्यांना वैरी मानलं तेच मदतीला येतात, हे दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या लेखकानं मुलांसाठी लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुलींना या पुस्तकात जवळजवळ जागाच नाही, ही उणीव मात्र खटकते. 1966 साली मोवॅट यांनी पुढचा भाग लिहिला, ‘द कर्स ऑफ द वायकिंग ग्रेव्ह’. त्यात पीट्युक तर आहेच, अवासिनची बहीण अँजलीनही त्यांच्याबरोबर निघते.